भातावरची झोप

बंगालमधल्या नवद्वीपच्या बाजारात भर दुपारी कुत्रंसुद्धा जागं नसतं. दुकानांच्या फळ्या लागतात, माणसं पोटभर भात जेवतात आणि लोडाला मिठी मारून झोपतात. माझे जेठू, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ निरापद कुंडू, काशा-पितळेच्या भांड्यांचे व्यापारी. हा एक नेम त्यांनी जन्मभर पाळला. बाकी सगळं सोडलं.

कारण छातीतली जळजळ. झोपेतून उठले की बरगड्यांच्या मधोमध आग, ती गळ्यापर्यंत चढायची, तोंडात आंबट पाणी यायचं. आधी मसूर सुटली, मग वांगं, मग अंडं, शेवटी मोहरीच्या वाटणातला इलिश मासा. श्रावण आला, बाजार इलिश माशांनी चमकू लागला, आणि आमच्या ताटात कच्च्या पपईचा पांचट रस्सा. जेठीमाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्याचं इतकं नव्हतं. पण जेठू गिऱ्हाइकांना सांगत, "हिच्या मोहरीनं माझी छाती जाळली." ते तिच्या कानावर आलं.

"इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लंत, आणि आता बाजारात माझीच बदनामी?"

"मी मोहरीला बोललो, तुला नाही."

"मोहरी वाटतं कोण? शेजारीण?"

अखेर मीच जेठूंना दवाखान्यात नेलं. हृदयाचा आलेख ठीक निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवल्यावर आडवे कधी होता?"

"हात धुतले की."

बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, जठराच्या तोंडाशी झडपेसारखी एक जागा असते. ती ढिली पडली आणि तुडुंब पोटानं आडवं झालं, की आम्ल वर अन्ननलिकेत येतं. सुटलेलं पोट त्यात भर घालतं. कुणाला तिखटानं, तळणानं, चहानं त्रास वाढतो, पण तुमचं आधी झोपेचं बघू. दोन घास कमी जेवा, दोन-तीन तास बसून राहा. आणि घाम फुटून कळ हातात गेली, तर मात्र पित्त म्हणत घरी थांबू नका.

घरी येताच जेठू म्हणाले, "मासे बंद सांगितलेत."

"जेठू!" मी ओरडलेच. मग जेठीमाला सगळं खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं इलिश आणला, मोहरी सढळ हातानं वाटली. जेठू हात धुवायला उठले, तेवढ्यात तिनं झोपायच्या खोलीला कुलूप घालून किल्ली पदराला बांधली आणि दुकानाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

"अगं, या वेळी दुकान उघडलं तर लोक म्हणतील, बायकोनं हाकललं!"

"मग काय खोटं म्हणतील?"

ते गेले. दुकानात हंड्या-परातींत ताठ बसून राहिले. संध्याकाळी चहाला आले तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी छातीवरून हात फिरवला, हरवलेलं काही शोधावं तसा.

"जळतंय?" जेठीमानं विचारलं.

"नाही."

"मग?"

जेठूंनी सावकाश पाय धुतले. "आजची मोहरी चांगली होती. आधीची जुनी असणार."

जेठीमा पायरीवर मटकन बसली. "बरणी तीच आहे गं," ती मला म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बरं, आजची चांगली होती ना? उद्या गिऱ्हाइकांना तेच सांगा. मोठ्यानं."