डावी साइड

डंपरवाल्याकडे लोक दोनच वेळा बघतात, शिव्या द्यायच्या असल्या की आणि मारायचं असलं की. मी अठरा वर्षं डंपर चालवला. धरमतरच्या जेट्टीवर बार्जमधून उतरलेला कोळसा भरायचा आणि रोह्याच्या कंपन्यांत नेऊन ओतायचा. त्या अठरा वर्षांत मी मार खाल्ला आहे आणि दिलाही आहे. जास्त कुठला ते मला सांगता येणार नाही.

माझ्या सीटखाली टॉमी असायची. टॉमी म्हणजे चाकाचे नट खोलायचा लोखंडी दांडा, पण मी पाहिलेल्या बहुतेक टॉम्या नटांपेक्षा माणसांवरच जास्त उगारल्या गेल्या. वडखळच्या नाक्यावर एका मोटरसायकलवाल्यानं जाता जाता माझा आरसा लाथेनं फोडला होता. ट्रॅफिकमध्ये तो अडकला आणि मला सापडला. मी टॉमी घेऊन खाली उतरलो आणि त्याच्या पेट्रोलच्या टाकीवर तीन घाव घातले. चौथा मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं हे खोटं कसं सांगू?

मी काही मोटरसायकलवाल्यांचा वैरी नव्हतो. माझ्या गावाहून, जित्याहून, जेट्टीपर्यंत मी स्वतः मोटरसायकलनंच जायचो, आणि तेही डोक्यात हेल्मेट घालून, पट्टा आवळून. सोबतचे ड्रायव्हर चिडवायचे, चंद्रावर चाललास का म्हणून. मी हसण्यावारी न्यायचो. केबिनमध्ये बसलेल्याला खालचं काय दिसत नाही ते मला ठाऊक होतं, म्हणून मोठ्या गाडीच्या डाव्या अंगानं मी कधी गेलो नाही.

हे जरा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. लांब गाडी डावीकडे वळवायची तर आधी ती थोडी उजवीकडे घ्यावी लागते. तशी नाही घेतली तर मागची चाकं आतून कापत येतात आणि कोपऱ्यावरचा खांब, टपरी, माणूस, जे असेल ते खाली घेतात. आता मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला काय दिसतं? डंपर उजवीकडे सरकला. त्याला वाटतं आपल्याला साइड दिली, आणि तो त्या मोकळ्या जागेत शिरतो. इंडिकेटर लागलेला असतो, पण चिखलानं भरलेल्या गाडीचा इंडिकेटर कोण बघतो? पूर्वी क्लीनर असायचा. तो डाव्या दारातून डोकं बाहेर काढून बसायचा आणि कोणी घुसला की पत्र्यावर थाप मारायचा. आता क्लीनर कोणी ठेवत नाही. डावी बाजू आरशाच्या भरवशावर असते, आणि आरशात चाकाजवळचा माणूस येत नाही.

ज्यानं मला गाडी शिकवली त्या उस्तादानं स्टिअरिंगला हात लावू देण्याआधी पळायला शिकवलं होतं. तो म्हणायचा, "ठोकली तर बघायचं नाय. क्लीनरसाइडनं उतरायचं आनि सुटायचं. लोक पहिले ड्रायव्हरसाइडला येतात." आमच्या धंद्यात हे सगळ्यांनाच पाठ असतं. चूक कोणाची हे जमाव विचारत नाही. ज्याची गाडी मोठी त्याची चूक.

मी एकदा पळालो होतो. रामवाडीच्या पुढे, हायवेचं काम चालू होतं तिथल्या वळणावर, एक मोटरसायकलवाला उलट्या बाजूनं आला आणि माझ्या पुढच्या चाकाला धडकला. उस्तादानं शिकवल्याप्रमाणे मी डाव्या दारानं उतरलो आणि खाली खाडीलगतच्या खाजणात शिरलो. कमरेइतक्या चिखलात, झुडपांच्या आड उभा राहून मी काचा फुटताना ऐकत होतो. मग धूर दिसला. तासाभरानं मी पोलीस ठाण्यात हजर झालो तेव्हा कळलं की तो माणूस जागीच मेला नव्हता. पाऊणएक तास तो तिथेच पडून होता आणि मग गेला. आधी लोक मला शोधत होते, मग गाडी जाळत होते. त्याला उचलायला कोणाला सवड झाली नाही, मलाही नाही. ते वर्षभर मी नीट जेवलो नाही, आणि घरात कोणी कारण विचारलं की त्यांच्यावरच खेकसायचो.

दुसऱ्या वेळी मी पळालो नाही, ती ही गोष्ट.

भादव्यातली दुपार होती. दोन्ही बाजूंना भात उभं होतं. रोह्याच्या अलीकडे कंपन्यांकडे जाणारा रस्ता डावीकडे फुटतो, तिथे मी पोहोचलो तेव्हा दुसऱ्या शिफ्टची वेळ झाली होती. त्या वेळी त्या रस्त्यावर मोटरसायकली नुसत्या सुटलेल्या असतात. मी इंडिकेटर दिला, गाडी उजवीकडे घेतली आणि डावीकडे वळवायला लागलो. मागच्या चाकाखाली काहीतरी आलं. खड्डा असता तर गाडी खाली गेली असती, ही वर उचलली गेली.

मी उतरलो, आणि ड्रायव्हरसाइडनंच उतरलो.

मोटरसायकल मागच्या चाकाखाली चेपली होती. तिच्यापासून दोन हातांवर एक पस्तिशीचा माणूस पाठीवर पडला होता, कंपनीचा निळा शर्ट घातलेला. हेल्मेट त्याच्या कोपरात अडकवलेलं होतं, अजून तिथेच होतं. डोक्याला काही झालं नव्हतं. डावी मांडी मात्र वरपासून गुडघ्यापर्यंत फाटली होती आणि आतून रक्त उसळत होतं, थांबायचं आणि पुन्हा उसळायचं.

कंपन्यांच्या गेटवर आम्हा ड्रायव्हरांना अर्धा तास सेफ्टीचं ट्रेनिंग देतात. आम्ही तिथे झोपा काढायचो. एकदा तिथल्या साहेबानं दाखवलं होतं की असं उसळणारं रक्त दिसलं तर कापड कोंबा आणि अंगाचा भार टाकून दाबा, आणि काही झालं तरी हात काढू नका. आम्ही तेव्हा एकमेकांना कोपरखळ्या मारून हसलो होतो. मी गळ्यातला टॉवेल काढला, मूठभर करून त्या जखमेत खुपसला, वरून मूठ दाबली आणि गुडघ्यांवर बसून सगळा भार टाकला. रक्त उसळायचं थांबलं. मुठीखाली ठोके लागत होते.

तेवढ्यात पहिली लाथ बरगडीत बसली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कोणी कॉलर ओढत होता. कोणी कमरेचा पट्टा काढून पाठीवर घालत होता, बक्कल बाजूनं. एकानं कानाखाली दगड मारला. समोर केबिनच्या काचा फुटत होत्या. मी नेहमीसारखा मोकळा असतो तर दोघांना तरी आडवं केलं असतं, पण माझे दोन्ही हात गुंतलेले होते. तोंड वाचवायलासुद्धा हात उचलता येत नव्हता. मी म्हणत होतो, मारा, पण मला उठवू नका. त्यांना वाटलं असेल मी पाया पडतोय. मी त्या माणसाचा जीव धरून बसलोय हे कोणाला दिसत नव्हतं. त्यांना फक्त कोळशानं काळा झालेला एक डंपरवाला प्रेताला चिकटून बसलेला दिसत होता. दोघातिघांनी मोबाइल वर धरले होते.

मला भीती माराची नव्हती. मला भीती ही होती की मी बेशुद्ध पडेन आणि मूठ सुटेल, आणि हा माणूसही माझ्या नावावर जाईल.

मग भातातून एक बाई वर आली. मागे बसलेली त्याची बायको, धडकेनं खाचरात फेकली गेली होती. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, फक्त डोळे दिसत होते. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वाकून त्याच्या कोपरातलं हेल्मेट ओढून काढलं आणि दोन्ही हातांनी वर उचलून माझ्या तोंडावर घातलं. उजव्या डोळ्यात काहीतरी फुटलं. मी कलंडलो, आणि माझी मूठ सुटली.

रक्त तिच्या पोटापर्यंत उडालं.

तिनं ते पाहिलं. दुसरा घाव घालायला उचललेलं हेल्मेट तिच्या हातून पडलं. तिनं माझं मनगट धरून माझी मूठ परत त्या जखमेत घातली, वर स्वतःचे दोन्ही हात ठेवले आणि आडवी पडून दाबलं. एकाची लाथ तेव्हाच येत होती, ती तिच्या खांद्याला लागली. ती वर न बघता म्हणाली, "याला कोनी हात नका लावू. यानी धरून ठेवलाय त्याला."

मग तेच लोक धावपळ करायला लागले. कोंबड्या पोहोचवून परतणारा एक पिकअप अडवला गेला. त्या माणसाला उचललं तेव्हा आम्हा दोघांनाही तसंच उचलावं लागलं, कारण आमचे हात सुटत नव्हते. पट्ट्यानं मारणारा गाडीत चढला आणि त्यानं जखमीचं डोकं मांडीवर घेतलं. रोह्याच्या दवाखान्यापर्यंत खड्डे होते, आणि प्रत्येक खड्ड्याला तोच माणूस दुसऱ्या हातानं माझी पाठ धरत होता, मी पडू नये म्हणून. कोंबड्यांची पिसं आमच्या रक्ताळलेल्या हातांवर चिकटत होती. त्या बाईचे हात माझ्या हातांवर इतके घट्ट होते की नंतर माझी दोन बोटं सुजली.

त्याचा पाय मांडीपासून काढावा लागला. माणूस जगला. माझा उजवा डोळा गेला, तीन बरगड्या मोडल्या, आणि डोळ्याबरोबर डंपरही गेला, कारण एका डोळ्याच्या माणसाला कोणी जड गाडी देत नाही.

अलिबागच्या दवाखान्यात मी महिनाभर होतो. तिथे पडल्या पडल्या माझं डोकं फिरायचं. केस माझ्यावरच झाली होती, बेदरकार गाडी चालवल्याची. हवालदार बिचारा चांगला होता. त्यानं मोबाइलमधला व्हिडिओ दाखवला. त्यात सगळं दिसत होतं, हेल्मेट आणि हेल्मेट घालणारी बाईसुद्धा. तो म्हणाला की नाव घ्या, तक्रार द्या, तुमची बाजू मजबूत होईल. मी उद्या देतो म्हणालो. मला द्यायची होती. मी जीव धरून बसलो होतो आणि तिनं माझा डोळा फोडला होता. तिनं मारलं नसतं तर मूठ सुटली नसती, आणि मूठ सुटली नसती तर मी काय धरलंय हे तिला कळलं नसतं, हेही माझ्या लक्षात यायचं. त्यानं राग कमी होत नव्हता, उलट वाढायचा.

दुसऱ्या दिवशी हवालदाराच्या आधी तीच आली. साडीत, स्वच्छ, मी ओळखलंच नाही. बोलायला लागली तेव्हा ओळखलं. आमच्याच खाडीकडची, मिठागरावरच्या माणसांची बोली. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दादा, मीच मारला. तक्रार द्या. मी नाय म्हननार नाय."

मी भिंतीकडे बघत होतो. तिनं माफी मागितली असती तर मी तोंड सोडणार होतो, तयारीच करून ठेवली होती. तिनं मागितली नाही. मग मी एवढंच विचारलं की इंडिकेटर लागलेला असताना, डंपर वळत असताना, तुझा नवरा डावीकडून आत घुसलाच कशाला. तुला मागे बसून दिसत नव्हतं का?

ती पदर बोटाला गुंडाळत म्हणाली,

"आमाला उशीर झालेला. कवापासून एकपन गाडी पुढं जाऊ देत नव्हती. तुमचा डंपर बाजूला सरला, तवा तो मला बोलला, चांगला मानूस हाय गो, साइड दिलान."

इतके दिवस मी मनात त्याला शिव्या देत होतो, आणि चाकाखाली येण्याआधी तो मला चांगला म्हणाला होता. निदान तिच्याशी खोटं बोलू नये असं मला वाटलं. मी म्हणालो, "मी साइड दिली नव्हती गो. मी गाडी वळवत होतो. तो मला दिसलाच नव्हता."

ती उठली. मला वाटलं आता निघून जाईल. पण ती खाटेजवळ आली आणि बाजूच्या पेशंटला ऐकू जाऊ नये म्हणून खाली वाकली.

"ह्ये त्याला नका सांगू," ती म्हणाली. "पाय गेला तरी भेटायला येईल त्याला तो हेच सांगतो, मानूस चांगला होता, साइड दिली होती त्यानी."

दुपारी हवालदार आला. मी त्याला सांगितलं की गर्दी होती, कोणी मारलं ते मला दिसलं नाही.