‘ठीक वाटते’ लिहिणारा मेट

नाकाडोंगरीचा भैय्यालाल आणि मी मँगनीजच्या खाणीत एकाच पाळीत उतरायचो. मी फावड्याने खनिजाचे टब, म्हणजे रुळावरचे डबे, भरायचो. तो मेट होता. सुरुंग उडाल्यावर, माणसं आत जाण्याआधी छत तपासायचं आणि वहीत लिहायचं, हे त्याचं काम.

तपासणं म्हणजे एका हाताने लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, छतावर ठोकायची, दुसरा तळहात दगडाला लावून ठेवायचा. आवाज खणखणीत आला तर दगड घट्ट. भद्द आला, तळहाताला थरथर लागली, तर पोकळ. बाकीचे मेट चार ठिकाणी ठोकून मोकळे होत. भैय्यालाल हात-हातभर अंतरावर ठोकायचा. अर्धा तास. आम्ही बाहेर उभे.

"छत तपासून राहिला का पोरगी पाहून राहिला बे?" आमच्याच पाळीतला धनीराम ओरडायचा.

"पोरगी डोक्यावर पडत नाही," आतून उत्तर यायचं.

एवढं ठोकूनही वहीत तो लिहायचा, ‘ठोकले तिथे छत ठीक वाटते.’

खाणीवर नवे साहेब आले. वही वाचून त्यांनी त्याला ऑफिसात बोलावलं. मी दारातच होतो.

"‘वाटते’ काय? शंका असेल तर पाळी थांबवा. नसेल तर ‘ठीक आहे’ लिहा."

"शंका नाही साहेब. पण मले दगडाच्या आतलं दिसत नाही. आवाजावरून सांगून राहिलो."

"उद्यापासून ‘आहे’. नाहीतर वही दुसऱ्याला देतो."

भैय्यालाल तेव्हा पन्नाशीचा. गुडघे दुखायला लागले होते. वही गेली की पुन्हा फावडं, हे त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने दहा मिनिटं जास्त ठोकलं. मग वही उघडली. लिहिलं, ‘ठीक वाटते.’

धनीराम मेटची परीक्षा पास होता. वही त्याला मिळाली. भैय्यालाल माझ्या शेजारी टब भरायला आला. नऊ वर्षं त्याने टब भरले. त्या नऊ वर्षांत छत कुठेच पडलं नाही. धनीरामचं ‘आहे’ रोज खरं ठरलं. हेही सांगायला हवं.

आता भैय्यालालला मांडी घालता येत नाही. परवा गेलो तेव्हा खाटेवर बसून जेवत होता.

"एका शब्दापायी यायनं आपले गुडघे घालवले, भाऊजी," त्याची बायको सत्यभामा मला म्हणाली.

"तुले खाटेवर ताट आणून द्या लागते, त्याचा राग हाय," तो म्हणाला.

ती हसली नाही. जेवण झाल्यावर त्याने पाय वर घ्यायला दोन्ही हातांनी एक गुडघा धरला. दुसरा मी धरला.