मेलेल्या जंतूंची तब्येत

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘शंकेखोर ताई’ म्हणत. जीवघेण्या जंतूंची जनुकं तपासण्याआधी बंद खोलीत ते काचेच्या नळ्यांत उकळून मारायचे, हे तिचं काम. मारून झाल्यावरही ती त्यातला थेंब काचेच्या बशीत टाकून तीन दिवस काही उगवतंय का बघे, मगच नळ्या बाहेर सोडे.

“अहो ताई, मेलेल्यांची नाडी कसली बघता?” साहेब हसत. त्यांना अहवालाची घाई फार.

यावेळी तिसऱ्या दिवशी बशीत पांढरे ठिपके उगवले. ताईनं बंद बशी काचेआडूनच साहेबांना दाखवली.

“तुमचे मेलेले, साहेब. तब्येत ठणठणीत आहे.”

साहेब चार पावलं मागे सरले. दुसऱ्या दिवशी ‘माझा सावधगिरीचा आग्रह’ या विषयावर ते तासभर बोलले. ताईनं मनापासून टाळ्या वाजवल्या.