पाळकसाहेबांसाठी प्रार्थना करायला मी शिकवलं

गिरण्यांचा संप फसला, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. घाटकोपरच्या आमच्या मराठी चर्चमध्ये मी शब्बाथशाळेला शिकवत होते. आठवडाभर मरोळच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवायची आणि रविवारी सकाळी वीसेक पोरं घेऊन चर्चमागच्या खोलीत बसायचं. तोंडाची मी तेव्हाही फटकळच होते.

पोरांची प्रार्थना म्हणजे निव्वळ पोपटपंची. "पाळकसाहेबांना आशीर्वाद दे, आमेन," म्हणायचं आणि पळायचं. मला ते खटकायचं. जो माणूस आपल्या बाप्तिस्म्याला, लग्नाला, मयतीला उभा राहतो, त्याच्यासाठी देवाकडे मागायची ही रीत? एक दिवस मी सगळ्यांना झापलं. म्हटलं, "आजपासून पाळकसाहेबांकडे नीट बघायचं. त्यांची एक चांगली गोष्ट शोधायची आणि त्यांना खरंच काय हवंय तेच देवाकडे मागायचं. स्वतः पाहिलेलं. कळलं का रे?"

एक पोरगा म्हणाला, "बाई, ते सगळ्यांना आधी सलाम करतात. आम्हालापण." मला केवढा आनंद झाला! नम्रतेवर मी त्याचा धडाच करून टाकला. साठीला टेकलेला माणूस, बायको वारलेली, एकटा राहतो आणि शेंबड्या पोरालाही आधी सलाम करतो. पोरांच्या आयांनाही हे सांगत सुटले.

चर्चची झाडलोट करणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या माणसाची मुलगी माझ्या वर्गात होती. नऊ वर्षांची. आवारातच, पाळकसाहेबांच्या घराशेजारच्या खोलीत राहायची. वर्गात फारशी बोलत नसे, नुसती बघत बसे. वर्षातून एकदा अख्खी उपासना मुलं चालवत, तेव्हा पाळकसाहेबांसाठीची प्रार्थना मी तिला दिली. काय म्हणणार ते आधी विचारलंही नाही. म्हटलं, मनातून कर.

ती पुढे गेली, डोळे घट्ट मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "देवबापा, आमचे पाळकसाहेब लई चांगले आहेत. त्यांना शास्त्रातली अक्षरं दिसत नाहीत. शनिवारी मी वाचून दाखवते आणि ते पाठ करतात. त्यांचे डोळे बरे कर. येशूच्या नावाने मागते, आमेन."

एकट्या पाळकसाहेबांनी "आमेन" म्हटलं.

उपासना सुटल्यावर चर्च-कमिटीच्या सेक्रेटरींनी मला गाठलं. "बाई, पोरगी तुमच्या वर्गातली. तुम्हीच विचारा ना तिला नीट. आम्ही विचारलं तर घाबरेल."

पाळकाला दिसत नाही म्हटल्यावर कमिटी काय करणार, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली होती आणि राहतं घर चर्चचं होतं. पण मला राग आला होता. दर रविवारी हा माणूस उघड्या पुस्तकावरून बोट फिरवतो आणि आम्हाला वाटतं वाचतोय! मी तिला बाजूला घेतलं.

ती हसतहसत सांगू लागली. दोन वर्षं झाली म्हणे. प्रत्येक उतारा तीनदा वाचायचा. दारापासून टेबलापर्यंत पावलं किती, तेही तिनेच मोजून दिलेलं. "आणि बाई, सलामचं माहितीये? माणूस ओळखू येत नाही ना, म्हणून ते आधीच सलाम करून टाकतात. नाहीतर लोकांना राग येतो." मग तिने विचारलं, "आता त्यांच्यासाठी डॉक्टर आणणार ना?"

मी हो म्हटलं. सरळ खोटं बोलले. आणि ऐकलेलं सगळं, पावलांसकट, सेक्रेटरींना सांगितलं.

महिन्याभरात पाळकसाहेबांना 'विश्रांती' द्यायचं ठरलं. कमिटीचे शब्द नेहमी मऊच असतात. नगरकडे कुणी भाचा होता, त्याच्याकडे जायचं आणि घर रिकामं करायचं. बायका नळावर त्या मुलीच्या आईला ऐकवू लागल्या, "तुझ्या पोरीनं पाळकाला घराबाहेर काढलं." माझं नाव कुणी घेतलं नाही, आणि मीही ते घेतलं नाही. एकदा तरी नळावर जाऊन म्हणायचं होतं की पोरीनं फक्त देवाला सांगितलं, कमिटीला सांगितलं ते मी. एवढी फटकळ बाई, तेवढं वाक्य तोंडातून निघालं नाही. मुलगी वर्गात यायची ती थेट मागच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

जायच्या आदल्या रविवारी पाळकसाहेब भिंतीला हात लावत आमच्या वर्गात आले. कुणावर राग दिसला नाही. म्हणाले, "बाई, पोरांनी मला प्रार्थना करून वाटेला लावावं असं वाटतं. माझी वाचणारी आलीये ना? तीच करू दे." त्यांनी हात जोडले, मान खाली घातली आणि थांबले.

मुलगी कोपऱ्यात उभी राहिली. ओठ दाबून धरले आणि नाही, नाही अशी मान हलवू लागली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पोरं एकदा तिच्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. पाळकसाहेब वाट बघत होते.

"घाई नाही गं बाळ," ते म्हणाले. "सावकाश कर."

तिची मान हलतच होती. त्यांना ते दिसणं शक्य नव्हतं. कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि खोलीत मोठी अशी मीच होते.

"साहेब," मी म्हटलं, "ती नाही म्हणतेय."

त्यांनी जोडलेले हात सोडले नाहीत. मान तशीच खाली. मग म्हणाले, "बरं. मग बाई, तुम्ही करा."

वीस पोरांनी डोळे मिटले. पाळकसाहेबांसाठी देवाकडे काय मागायचं हे त्यांना शिकवणारी मी हात जोडून उभी राहिले, आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही.