भिंतीवरची हिराबाई

मी आणि वसंता, दोघंही बोरिवलीचे बोर्ड पेंटर. चहाला बसलो की दहिसर नदीकाठच्या त्या भिंतीचा विषय निघतोच. एक किस्सा संपत नाही तोवर दुसरा आठवतो, आणि खरं सांगतो, अजून डोकं फिरतं!

*

रंगीत टीव्ही नुकता आला होता. गावातल्या उत्सव मंडळाच्या अध्यक्षांनी पुलाजवळच्या भिंतीवर गावाचा इतिहास रंगवायचं काम दिलं. पहिलीच ऑर्डर, "नदी निळी पाहिजे!"

वसंता म्हणाला, "साहेब, भिंतीमागे बघा ना. नदी तबेल्यांच्या शेणाने हिरवी झालीय."

"मागे कोण बघतंय?"

*

वसंता आधी सिनेमाची पोस्टरं रंगवायचा, त्यामुळे त्याचा प्रत्येक कोळी हिरो! भिंतीखाली हिराबाई कोळीण मासळी विकायची. सासूपासूनची जागा तिची. ती बघून म्हणाली, "आमचा आजा यवरा गोरा कवा व्हता रं?"

आम्ही ओशाळलो, रंग सावळा केला. तर अध्यक्ष धावत आले. "अरे, वाट लावली! उजळ करा, पाहुणे येणार आहेत!" म्हणजे पाहुण्यांसाठी आजोबांनी पावडर लावायची!

*

मग अध्यक्ष म्हणे, "होडीत आमचे वडील दाखवा." त्यांचं किराण्याचं दुकान! होडीत कधी पाय ठेवलेला नाही. मी तसं म्हटलं, तर हा अध्यक्ष शांतपणे म्हणतो काय, "मग होडीत साखरेच्या गोणी दाखवा!"

दाखवल्या. करणार काय!

*

एक चित्र मात्र झकास जमलं. हिराबाईलाच समोर बसवून काढलेलं, मासळीची पाटी घेऊन बसलेली कोळीण. अध्यक्षही खूश. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांनी तिलाच उठवलं. "मासळीचा वास येतो. इथे आता बसायचं नाही, कधीच!"

ती पुलापलीकडे जाऊन बसली. तिथे गिऱ्हाईक फिरकेना. संध्याकाळी भरली पाटी तशीच डोक्यावर घेऊन निघाली. संताप आला यार! आणि उद्घाटनाला पाहुणे तिच्या चित्रापुढे हात जोडून उभे, "हीच आपली खरी संस्कृती!"

*

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आमची शिडी परत न्यायला गेलो, तर हिराबाई जुन्या जागी, बरोबर आपल्या चित्राखाली. पुढ्यात बोंबील. अध्यक्ष लालबुंद. "उठ म्हणतो ना! इथे कोळणींनी बसायचं नाही!"

हिराबाईने कोयता खाली ठेवला. मान वळवून भिंतीकडे बोट दाखवलं.

"पयली तिला उठव. ती उठली का मी पन उठतंय!"