कूट म्हणजे शेंगदाणाच

चाकणच्या कंपनीत शिफ्ट करणारी सोनल डब्यावरची गुटगुटीत पोरं बघून लेकीसाठी प्रतिकारशक्तीच्या पावडरी आणायची. पण पाच वर्षांच्या ईश्वरीच्या अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे, आणि पोर ताटालाच घाबरायची. शेवटी डॉक्टरांनी तपासण्या करून पावडरी थांबवल्या आणि शेंगदाणे साफ बंद करायला सांगितले. सासूबाई सगुणाबाईंनी घरात पहारा बसवला. ईश्वरीच्या हाती एक शेंग पडू देईनात. तरी गांधी उठतच होत्या.

सुट्टीच्या दिवशी सोनल स्वतः चुलीपाशी उभी राहिली. सगुणाबाईंनी सवयीने भेंडीत मूठभर कूट टाकलं.

"अहो आत्या, शेंगदाणे बंद ना?"

"बंदच हायेत की! हे तर कूट हाय."

"आणि कूट काय दगडाचं करतात?"

सगुणाबाईंनी भेंडीची कढई खाली उतरवली. मग त्यांनी कुटाचा डबा घराबाहेर काढला. भाजीत खोबरं आलं आणि पोरीचं अंग स्वच्छ झालं.

पुढे भावकीतल्या बारशाला पंगत बसली. वाढपी भरलं वांगं घेऊन ईश्वरीपाशी वाकला, तशा सगुणाबाई कडाडल्या, "कूट हाय का ह्यात?"

"नावाला हाय, आजी."

"नावालाबी नको! वरण-भात वाढ, अन् तूप सोड चांगलं."

बायका हसल्या. ईश्वरीने मात्र न घाबरता ताट चाटूनपुसून साफ केलं, आणि वाढपी पुढच्या प्रत्येक पोराला आधी "कूट चालतं का?" असं विचारू लागला.