चोराची जागा रिकामी आहे

मामाला खेळायला बसवलं ते भिडू कमी पडला म्हणून, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोक म्हणतील, पंचावन्नाव्या वर्षी किल्लीवाल्याला राक्षस मारायची हौस सुटली.

खेळ भाचीचा. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि दर रविवारी दुपारी दवाखान्यातले दोघं घरी यायचे. एक चष्मेवाली, आणि दुसरा कवळ्या बनवणारा, ज्याला त्याच्या सत्तेचाळीस किलो वजनामुळे सगळे पैलवान म्हणायचे. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, भाचीने गोष्ट पुढे न्यायची आणि कुठे अडलं की फासा टाकायचा, असा तो प्रकार. चौथा भिडू लग्न करून परगावी गेला, आणि टोळीतला चोर नेमका तोच. त्यामुळे टोळी गेले तीन रविवार एका भुयारात, कुलूप लावलेल्या दारापुढे, हात हलवत उभी होती.

"मामा, बस ना रे," भाची म्हणाली, आणि मामा बसला. बाहेरच्या खोलीत. बहिणीच्या घरी तो गेली अकरा वर्षं बाहेरच्याच खोलीत बसत होता.

नियम असा की आधी आपल्या पात्राची पूर्वकथा सांगायची. मग सगळ्यांनी मिळून त्याला शोभेल असा क्लास द्यायचा. योद्धा, जादूगार, वैद्य, चोर, जे काय असेल ते. कल्पनाशक्तीचा आणि मामाचा छत्तीसचा आकडा. त्याने आपलंच सुरू केलं.

"एक माणूस होता. तो कुलपं उघडायचा."

"चोर," पैलवान म्हणाला.

"चोरच," चष्मेवाली म्हणाली आणि कागदावर लिहूनही मोकळी झाली.

मामाने फासा खाली ठेवला. "चोर नाही."

"अहो मामा, शिवी नाही ती. क्लास आहे. कुलूप उघडायला जास्तीचे गुण मिळतात."

"गुण ठेव तुझ्यापाशी. चोर नाही म्हणजे नाही."

आतल्या खोलीत दाजी, म्हणजे भाचीचे वडील, पेपर वाचत होते. मधलं दार उघडंच होतं. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

आता मामाचं हे चोर शब्दाशी वाकडं का, ते सांगायला हवं. तीस वर्षं त्याची बाजाराच्या कोपऱ्यावर टपरी. तिथे एक कानस, दोन तारा, खिळ्याला लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि एक मोडकं स्टूल. वस्तादाने धंदा शिकवला तेव्हा पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कुलूप तुझं, घर लोकांचं. कुलूप उघडलं की पाठ फिरवायची आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. मामाने हे इतकं मनावर घेतलं की विचारू नका. एकदा एका बाईंची किल्ली हरवली. मामा कुलूप उघडून मोकळा झाला, पण बाई गुडघेदुखीने खालीच जिन्यात अडकलेल्या, आणि आत गॅसवर दूध. "अहो, तेवढा गॅस बंद करा," बाई खालून ओरडतायत, आणि हा गृहस्थ दाराकडे पाठ करून उभा. दूध गेलं, पातेलं गेलं, शेजाऱ्यांनी वेड्यात काढलं. मामा जागचा हलला नाही.

हा नियम त्याने आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही बहिणीच्या घरी. कपाटाची किल्ली हरवली होती, कपाट आतल्या खोलीत. सख्ख्या बहिणीचं घर, तिथे कसली पाठ आणि कसलं काय. कपाट उघडलं, बहीण चहा ठेवायला गेली, मामा उघड्या कपाटापुढे गुणगुणत बसला. दुसऱ्या दिवशी दाजींच्या वडिलांचं मनगटी घड्याळ सापडेना. दाजी काही बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. आठवड्याने कपाटाला नवं कुलूप बसलं, दुसऱ्या किल्लीवाल्याकडून, आणि पुढच्या खेपेला दाजींनी मामाला बाहेरचीच खुर्ची दाखवली. "बसा इथे, हवा लागते." बहीण बिचारी मधल्यामध्ये सुकली.

"बरं, पुढे सांग," भाची हळूच म्हणाली. घड्याळ गेलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिला सगळं कळत होतं.

मामाने घसा साफ केला. "त्याला वस्तादाने शपथ घातली होती. उघडल्यावर पाठ फिरवायची. ती त्याने एकदा मोडली, आपल्याच माणसाच्या घरी. आणि त्या घरातली एक वस्तू गेली. त्याने घेतली नव्हती. पण पाठ फिरवली नव्हती ना, त्यामुळे ठासून सांगायला तोंड राहिलं नाही. आजही नाही. झालं."

पैलवानाने पुस्तक ओढून भराभरा पानं उलटली. "हा चोर नाहीच हो. हा शपथेचा योद्धा. चिलखत मिळेल, ढाल मिळेल. शपथ एकदा मोडली तरी चालते, निभवायची सोडली नाही म्हणजे झालं."

"आणि कुलूप उघडायला?" मामाने विचारलं.

"शून्य गुण."

मामाला बरं वाटलं. फार बरं वाटलं. चष्मेवालीने चोर खोडलं, मग कपाळाला हात लावला. "म्हणजे आपण परत दाराबाहेरच."

इतक्यात दाजी पेपरची घडी करत मधल्या दारात आले.

"घड्याळ सापडलंय," ते म्हणाले.

"कधी?" मामाने विचारलं.

"थंडीच्या कोटाच्या अस्तरात गेलं होतं. खिसा फाटका."

"ते नाही विचारलं. कधी सापडलं?"

"सात वर्षं झाली असतील." दाजी घडीची आणखी घडी करत होते. "कोणत्या तोंडाने सांगणार? आज सांगू, उद्या सांगू, करता करता राहून गेलं."

"सात वर्षं?" बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण आज दाजींची धडगत नव्हती.

मामाला आधी आनंद वगैरे काही झाला नाही. राग आला, कानशिलं तापली. पहिल्या चार वर्षांचा संशय त्याने समजून घेतला असता. त्या चारांत दाजींना ठाऊक नव्हतं. पुढच्या सात वर्षांचं काय करायचं? दर भेटीला तो या खुर्चीत अंग चोरून बसला होता, आणि दाजी समोर बसून हवापाण्याच्या गप्पा मारत होते.

तो दाजींशी बोललाच नाही. पैलवानाकडे वळला.

"तुझ्या त्या पुस्तकात बघ रे. एक माणूस आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि सात वर्षं तो ती परत देत नाही. त्याचा क्लास कोणता?"

"घड्याळ त्यांचंच होतं ना पण?" पैलवान गोंधळला. "वस्तू कुठली?"

"माझं नाव."

चष्मेवालीने नुसतंच पुस्तक मिटलं. भाचीने एक कोरा कागद घेतला, वर दोन अक्षरं लिहिली आणि टेबलावरून वडिलांकडे सरकवला.

"चोर, बाबा," ती म्हणाली. "आमची ती जागा रिकामीच आहे."

दाजींनी कागद वाचला. मग आत गेले. मामाला वाटलं, गेले ते गेले, आता दार लागणार. पण ते आपली आतली खुर्ची उचलून घेऊन आले, मामाच्या शेजारी ठेवली आणि खाली मान घालून बसले.

"काय करायचं असतं?"

"समोर दार आहे. कुलूप उघडायचंय," भाचीने फासा पुढे केला.

दाजींनी फासा टाकला. भरपूर आले. कुलूप उघडलं.

"शपथेच्या योद्ध्या, तू काय करतोस?" भाचीने विचारलं. "पाठ फिरवतोस ना?"

"नाही," मामा म्हणाला. खुर्ची दाजींच्या आणखी जवळ घेऊन तो त्यांच्या हातांकडे बघत बसला. "यांच्यावर लक्ष ठेवतो."